आधी सायलेन्सर बघा, मग फावडं उचला

परवा बुधवारी सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवलं होतं आणि बाहेरून तो आवाज आला. चाक बर्फात जागच्या जागी फिरतं ना तेव्हाचा, घूंऽऽऽ करत चढत जाणारा, मग क्षणभर शांत, मग परत घूंऽऽऽ आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात. अमेरिकेत बफेलोला येऊन इतकी वर्षं झाली तरी हा आवाज मला ऐकवत नाही, कारण त्याचा अर्थ एकच असतो, आत कुणीतरी घाबरून ॲक्सिलरेटर दाबतंय आणि जितकं दाबतंय तितकी गाडी खाली चाललीय. गॅस बंद केला, बूट चढवले, गॅरेजमधलं फावडं घेतलं आणि निघालो.

दोन घरं सोडून युनिव्हर्सिटीची मुलं भाड्याने राहतात, त्यांच्या ड्राईव्हवेच्या तोंडाशी एक जुनी कोरोला अडकलेली. रात्री प्लाऊवाला रस्ता साफ करून जातो तेव्हा रस्त्यावरचा सगळा बर्फ बाजूला लोटत जातो आणि प्रत्येकाच्या ड्राईव्हवेसमोर शेताच्या बांधासारखा कडक बांध घालून जातो. सगळ्यात जास्त गाड्या तिथेच फसतात, हायवेवर वगैरे नाही, स्वतःच्या घरासमोर. आत बावीस-तेवीसचा मुलगा, पातळ जॅकेट, पायात साधे स्पोर्ट्स शूज. मी लांबूनच हात हलवत ओरडलो, "थांब थांब, पाय काढ आधी!" गडबडीत मराठीतच तोंडातून गेलं. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही मराठी?" नाशिकचा निघाला, सप्टेंबरपासून इथे आहे म्हणे आणि मला पत्ता नाही.

मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि गाडीच्या मागे गेलो, वाकून सायलेन्सर बघितला. अर्धा बर्फात होता. हाताने मोकळा केला. तो खाली उतरून बघत होता, म्हणाला, "काका, चाकं तर पुढची फसलीयेत, तुम्ही मागे काय बघताय?"

हा प्रश्न मला आजवर खूप जणांनी विचारलाय आणि म्हणूनच आज हे सगळं लिहायला बसलोय, कारण दर हिवाळ्यात नवीन मुलं येतात, नवीन कुटुंबं येतात, सगळ्यांना कुणीतरी सांगतं की जाड जॅकेट घ्या, बर्फ वितळवायचं सॉल्ट आणून ठेवा, विंटर टायर घाला, आणि हे कुणीच सांगत नाही. गाडी बर्फात अडकली की माणूस पहिली गोष्ट काय करतो तर हीटर लावून आत बसतो. हीटरसाठी इंजिन चालू. मागे सायलेन्सर बर्फात बुजलेला, किंवा वाऱ्याने हळूहळू बुजत चाललेला. धुराला बाहेर जायला जागा नाही म्हणून तो गाडीच्या खाली साठतो आणि तिथून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, नुसतं डोकं जड होतं आणि झोप येते. थंडीत बसलेल्या माणसाला झोप आली तर त्याला वाटतं दमलोय. बस. संपलं.

२०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी नावाच्या डोंगरातल्या गावी बर्फ बघायला गेलेल्या लोकांच्या गाड्या रात्रभर रस्त्यात अडकल्या आणि किमान २२ जण गेले, मुलंबाळं होती त्यात. काही थंडीने गेले आणि काही या धुराने. सगळे सहलीला निघालेले लोक, आपल्यासारखेच. आणि आपली माणसं काही कमी जात नाहीत बर्फ बघायला, अटल टनेल २०२० ला चालू झाल्यापासून तर मनालीहून थेट बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत गाड्या जातात, पुणे-मुंबईचे नंबर असलेल्या स्वतःच्या गाड्या घेऊन जाणारे माझ्याच नात्यात दोन जण आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि टनेलच्या मध्ये सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की इंजिन चालू ठेवायचं तर तासाला दहा मिनिटंच, आणि प्रत्येक वेळी चालू करायच्या आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, आणि वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची? इलेक्ट्रिक गाडीला हा धोका नाही, पण अजून बहुतेकांच्या गाड्या पेट्रोल-डिझेलच्याच आहेत. कुणी मनालीला निघालं असेल तर एवढा एक परिच्छेद तरी त्यांना पाठवा, प्लीज.

असो, त्या मुलाकडे येतो परत.

मी मूळचा औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. आमच्याकडे बर्फ नाही पण काळी माती आहे, आणि पावसात काळ्या मातीत रुतलेलं वाहन ज्याने काढलंय त्याला बर्फ फार वेगळा वाटत नाही. उसाची ट्रॉली रुतली की नवशिका ड्रायव्हर रेस करायचा आणि वडील लांबून शिव्या देत यायचे की चाक फिरवू नको, खड्डा करतोयस. मग चाकाच्या पुढची माती खोऱ्याने ओढायची, बुडाशी पाचट सारायचं, बारदान असेल तर बारदान, दगड असेल तर दगड, आणि मग एकदम हळू, जणू चाकाला कळूच नये असं पुढे घ्यायचं. बर्फात पण नेमकं हेच. फक्त चिखलात चाक फिरलं तर खड्डा होतो आणि बर्फात खड्डा तर होतोच वर चाक गरम होऊन खालचा बर्फ वितळतो, लगेच परत गोठतो आणि चाकाखाली काचेसारखी गुळगुळीत वाटी तयार होते. एकदा ती वाटी झाली की मग चार माणसं लावा नाहीतर सहा, चाक तिथेच फिरणार. म्हणून मी पहिलं वाक्य कायम तेच म्हणतो, पाय काढ.

मग फावडं. लोक चाकासमोरचा बर्फ काढतात आणि थांबतात, पण खरा त्रास बऱ्याचदा पोटाखाली असतो. गाडी बांधावर चढली की पोटावर बसते, चाकांवर वजनच राहत नाही आणि वजन नाही तर पकड कुठून येणार. त्यामुळे गुडघ्यावर बसायचं, मान वाकडी करून खाली बघायचं आणि इंजिनखालचा, मधला सगळा बर्फ ओढून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, वीस मिनिटं जातात, पाठ भरते, पण ते केलं की निम्म्या गाड्या धक्क्याशिवाय निघतात हा माझा अनुभव. कोरोला पुढच्या चाकांवर चालते म्हणून पुढची दोन चाकं आधी, पुढूनही आणि मागूनही, कारण गाडीला हलायला दोन्हीकडे हातभर जागा पाहिजे. स्टिअरिंग सरळ. हे पण कुणी करत नाही, चाक वळलेलं असलं की ते स्वतःच बर्फाचा नांगर होतं.

त्या मुलाला मी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाखवलं, गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा असतात ते. एरवी ते चालूच पाहिजे, पण अडकलेल्या गाडीत काय होतं की चाक जरा घसरलं की ते आपणहून ताकद कापतं आणि गाडी हलतच नाही. तेवढ्यापुरतं बंद करायचं, निघाली की परत चालू. मग रॉकिंग, म्हणजे झोपाळा. थोडी पुढे, मग रिव्हर्स, मग पुढे, दर वेळी वीतभर जास्त. गिअर बदलताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी पूर्ण थांबवायची, आणि चारपाच वेळात निघाली नाही तर सोडून द्यायचं आणि परत खणायचं, नाहीतर गिअरबॉक्स तापतो आणि मग दुरुस्तीचं बिल सेमिस्टरच्या फीच्या जवळ जातं.

पाचटाच्या जागी माझ्याकडे मांजरीच्या मातीची पिशवी असते, घरातल्या मांजरीच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालतात ती. मांजर नाही आमच्याकडे. ती जी सगळ्यात स्वस्त, गोळा न होणारी खडबडीत माती मिळते ना, ती चाकाखाली टाकली की मस्त पकड येते, वाळूपण चालते. सॉल्ट मात्र अशा वेळी कामाचं नाही, त्याला वितळवायला वेळ लागतो आणि उणे दहाच्या खाली साधं सॉल्ट जवळजवळ कामच करत नाही. काहीच नसेल तर गाडीतले मॅट, पण मॅट चाकाखालून गोळीसारखे मागे उडतात म्हणून चाकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

धक्का मारण्याचं पण सांगतो कारण इथे लोक जखमी होतात. काच खाली ठेवायची म्हणजे ड्रायव्हरला ऐकू येतं. बोलणारा एकच माणूस, बाकीच्यांनी गप्प. रिव्हर्सला असताना मागे कुणी नाही आणि पुढे घेताना पुढे कुणी नाही, हे मी दर वेळी मोठ्याने म्हणून घेतो. आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं की गाडी सुटली की लगेच ब्रेक मारून थँक्यू म्हणायला थांबू नको, साफ जागेपर्यंत जा, मग थांब. नाशिकचा पठ्ठ्या बरोबर साफ रस्त्यावर जाऊन थांबला आणि पळत परत आला, मला वीस डॉलर द्यायला. मी म्हटलं ठेव ते, त्यातून फावडं आण, तुमच्या घरात पाच मुलं राहतात आणि एक फावडं नाही.

एक गोष्ट मी करत नाही ती म्हणजे दोरीने ओढणं. मागच्या वर्षी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एक पिकअपवाला थांबला, फार चांगला माणूस होता, कामावर जाता जाता दुसऱ्यासाठी उतरला, आणि पट्टा काढून तो आपल्या ट्रकच्या मागच्या हिच बॉलला अडकवायला लागला. मी जवळजवळ हातच धरला त्याचा. तो लोखंडी गोळा ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही, झटक्यात तो तुटला तर पट्ट्याच्या ताणाने तोफगोळ्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो आणि माणसं मेलीयेत त्याने. बऱ्याच गाड्यांच्या टूल किटमध्ये एक टो हुक असतो, स्टेपनीजवळ बघा, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आट्याने आत बसवायचा, ओढायचंच असेल तर तिथून, आणि दोन्ही गाड्यांच्या आसपास कुणी नको. हे सगळं नीट माहीत असणारा सोबत नसेल तर टो ट्रक बोलवा, पैसे जाऊदेत.

आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं फावडं काढून घ्यायचं. भांडून घ्यायचं. समोरचे आजोबा पंच्याहत्तरीचे आहेत, आयुष्यभर बर्फ उपसलाय त्यांनी, त्यांना राग येतो, येऊदे. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि ओल्या बर्फाचं एकेक फावडं दहा किलोचं, हृदय तिथेच दगा देतं, इथे दर मोठ्या वादळानंतर अशा बातम्या असतात.

आता बफेलोच्या बर्फाबद्दल, कारण बाहेरच्यांना वाटतं अमेरिकेत सगळीकडे सारखाच पडतो. ईरी सरोवर नैऋत्येकडून ईशान्येला जवळपास २४० मैल लांब पसरलंय आणि आपण त्याच्या ईशान्य टोकाला. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी अजून कोमट असतं आणि वरून थंड वारा त्या सगळ्या लांबीवरून वाहत येतो, वाफ उचलतो आणि शहरावर आणून टाकतो. तोही पट्ट्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये पाच फुटांच्या वर बर्फ पडला, काही ठिकाणी सात फूट, आणि आम्ही उत्तरेला राहणारे जेमतेम काही इंच बर्फातून मुलांना शाळेत सोडत होतो. त्या वेळी थ्रूवे नावाच्या हायवेवर लोक गाड्यांमध्ये एक दिवसाहून जास्त अडकून होते, नायगारा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची बस पण त्यात होती. त्यामुळे इथे घरातून निघताना ऊन असतं आणि तीन मैलांवर समोरचं बॉनेट दिसत नाही, आणि अडकलेल्या माणसाला कुणी मूर्ख म्हणालं की मला राग येतो. तो मूर्ख नसतो, तो पट्ट्यात सापडलेला असतो.

डिसेंबर २०२२ बद्दल मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

शुक्रवार, २३ डिसेंबर. सकाळी साडेनऊला गाड्या चालवायला बंदी लागली पण तोवर कितीतरी लोक कामावर पोचलेले होते. वाऱ्याचे झोत ताशी ७० मैलांच्या वर, तापमान काही तासांत धाडकन खाली, आणि समोर नुसती पांढरी भिंत. आमच्या मराठी मंडळातली एक ताई हॉस्पिटलात नोकरीला आहे, रात्रपाळी लांबली म्हणून उशिरा निघाली आणि शहरात अडकली. बाराच्या सुमाराला तिचा फोन आला, "अरे, गाडी पुढेही जात नाहीये आणि मागेही नाही, बाहेरचं काहीच दिसत नाहीये." माझ्यापासून पाच मैल. माझ्याकडे चारही चाकांवर चालणारी गाडी, विंटर टायर, फावडी, माती, चाकाखाली सारायचे बोर्ड, सगळं. मी बूट घातले. बायको दारात उभी राहिली आणि म्हणाली, तू गेलास तर दोन गाड्या अडकतील. ती बरोबर होती. त्या दिवशी फायर ब्रिगेडच्या, ॲम्ब्युलन्सच्या, पोलिसांच्या गाड्या अडकल्या होत्या, त्यांना काढायला गेलेल्या गाड्या अडकल्या होत्या, आणि रस्त्यात सोडलेल्या गाड्यांमुळे प्लाऊ पुढे जाऊ शकत नव्हते. बफेलो ज्या ईरी काउंटीत येतं तिथे त्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. काही आपल्या गाडीत गेली. मी दरवाज्यातच बुटांसकट बसलो आणि ताईशी फोनवर बोलत राहिलो, आणि आयुष्यात इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

सायलेन्सरचं मी तिला पहिल्या मिनिटाला सांगितलं. दोनदा ती उतरली आणि हाताने मोकळा करून आली, तिसऱ्यांदा दार वाऱ्याने उघडेना. मी म्हटलं ताई, मग आता इंजिन लावायचं नाही, कितीही थंडी वाजली तरी नाही. ती म्हणाली, अरे पाय बधिर झालेत. मी म्हटलं, तरीही नाही. मॅट उचल, पायांभोवती गुंडाळ, मागच्या सीटवरची बॅग रिकामी कर आणि पाय त्यात घाल, बोटं हलवत राहा. हे म्हणताना माझा आवाज मला परका वाटत होता, कारण मी घरात उबेत बसून एका माणसाला हीटर लावू नकोस म्हणत होतो. फोनची बॅटरी वाचवायला दर वीस मिनिटांनी एक मिनिट बोलायचं असं ठरवलं. ते वीस मिनिटांचे तुकडे मी घड्याळाकडे बघत काढले.

साडेचारच्या आसपास तिच्या काचेवर कुणीतरी ठोकलं. समोरच्या घरातल्या माणसाला तिच्या पार्किंग लाईटची लुकलुक दिसली होती, वारा जरा पडल्यावर तो आला, तिचा दंड धरून तिला आपल्या घरात घेऊन गेला. वयस्कर जोडपं. तीन रात्री तिथे राहिली ती, त्यांनी स्वतःचे मोजे दिले तिला. त्या वादळात अशी कितीतरी घरं उघडली. बफेलोजवळच्या विल्यम्सव्हिलला कोरियन पर्यटकांची व्हॅन एका घरासमोर अडकली, दोघं फावडी मागायला दारात आले आणि त्या नवरा-बायकोने फावडी न देता सगळ्या दहा जणांना आत घेतलं, वीकेंडभर एकत्र स्वयंपाक केला. चीकटोवागात एका मेकॅनिकने दुसऱ्यांना मदत करायला निघून स्वतः अडकल्यावर, आसपासच्या घरांनी दार न उघडल्यावर, शाळेची काच फोडून वीसहून जास्त लोकांना आत नेलं आणि जाताना माफीची चिठ्ठी ठेवली. पोलिसांनी नंतर त्याला शोधलं ते आभार मानायला. मी या दोन गोष्टी माझ्या मुलीला सांगितल्यात, पाठ व्हाव्यात म्हणून.

शहरातली बंदी २९ तारखेला उठली आणि त्याच सकाळी मी आणि ताईचा नवरा तिची गाडी शोधायला गेलो. रस्त्याच्या कडेला सगळे ढीग सारखेच, काठी खुपसत खुपसत गेलो, तिसऱ्या ढिगाऱ्यात टक्क आवाज आला. दोन तास उपसत होतो. आधी टप, मग काचा, आत तिची रिकामी केलेली बॅग आणि पॅसेंजर सीटवर तिचा डबा. मग मी सवयीने मागे गेलो. खणत खणत सायलेन्सरपर्यंत पोचलो. तोंड पूर्ण बंद होतं, बर्फ आत दाबून भरून गोठलेला, गिलावा केल्यासारखा. हातमोजा काढून बोटाने टोकरून बघितलं, निघेना. ताईचा नवरा शेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याकडे नुसता बघत राहिला. मग तो उठला, माझ्या गाडीतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि काही न बोलता त्याने तो बर्फ फोडायला घेतला.